एका किल्लीचं कुलूप

ते एकोणीसशे बहात्तर साल. साल पक्कं लक्षात राहण्याचं कारण असं, की त्या वर्षी कुलूपवाल्यांनी स्वतःहून दुकान बंद ठेवलं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी सकाळी दोन गिऱ्हाइकं उरकून मगच नवे कपडे चढवले होते.

झालं असं, की एका सकाळी कुलूपवाले चहा पीत होते आणि त्यांची बायको हातात पत्र घेऊन उभी होती. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा तिला वहिनी म्हणायचं, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं आणि पुन्हा वाचलं.

"काय म्हणतेय ताई?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. लेक सुखात आहे. गुडघे दुखतात."

"मग बरंय की."

"बरंय काय? ये म्हटलेलं नाही."

ताई म्हणजे कुलूपवाल्यांची थोरली बहीण. आगगाडीत एक दिवस आणि एक अख्खी रात्र काढली की तिचं गाव येई. नवरा गेल्यापासून ती एकटीच राही. तिचा वाढदिवस जवळ आला की दर वर्षी पत्र येई, 'या वर्षी तरी ये'. आणि दर वर्षी कुलूपवाले उत्तर धाडत, 'यंदा कामं फार आहेत, पुढच्या वर्षी नक्की'. शेवटी ताईंनी भावाचं नावच 'पुढच्या वर्षी' ठेवलं. पत्राची सुरुवातसुद्धा तशीच असायची: 'चिरंजीव पुढच्या वर्षी यास अनेक आशीर्वाद.' यंदा मात्र पत्रावर साधं 'चिरंजीव बाळ्यास' होतं. टोमणा नव्हता आणि बोलावणंही नव्हतं.

"रुसली असेल," कुलूपवाले म्हणाले.

"रुसलेलं माणूस चार ओळी जास्त लिहितं. वन्संनी बोलावणंच सोडलंय. आता नुसता आशीर्वाद देतात, दूरच्या नातेवाइकाला द्यावा तसा."

कुलूपवाल्यांनी कप खाली ठेवला. हे त्यांना लागलं होतं. "असं म्हणतेस? मग आपण पुढच्या—"

वहिनींनी नुसतं बघितलं.

"परवाची गाडी," वहिनी म्हणाल्या. "वन्सं साठीच्या होतायत. न कळवता जायचं. दार उघडलं की समोर तुम्ही."

"आणि दुकान?"

"दुकानाला कुलूप लावा. असेल की तुमच्याकडे एखादं."

कुलूपवाल्यांनी एक अट घातली. सकाळी पोचायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं. वहिनींनीही एक घातली. हत्यारं न्यायची नाहीत. कारण बिघडलेलं कुलूप दिसलं की हा माणूस पुढे सरकत नसे. एका लग्नात ते नवऱ्यामुलाच्या पेटीचं कुलूप दुरुस्त करत बसले होते आणि जेवणाची शेवटची पंगत उठल्यावर बाहेर आले होते. निघताना वहिनींनी पिशवी तपासली, खिसे तपासले, आणि शेवटी मोज्यात हात घालून एक बारीक कानस बाहेर काढली.

"ही काय?"

"नखांसाठी घेतली होती."

"दात आहेत तिला. ठेवा घरी."

गाडीत समोरच्या बाईंच्या ट्रंकेचं कुलूप अडकलं, तेव्हा कुलूपवाले खिडकीबाहेर बघत बसून राहिले. पण त्यांची बोटं मांडीवर अशी वळवळत होती, की वहिनींनी त्यावर आपली शाल टाकली.

सकाळी स्टेशनाजवळच्या बेकरीत मोठा केक घेऊन दोघं ताईंच्या रस्त्याला लागले. खालचा मजला ताईंचा, वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहत. दोन पायऱ्या, हिरवं दार, आणि दाराला कुलूप.

"कुलूप!" वहिनी मटकन पायरीवर बसल्या.

"कुलूप!" कुलूपवाले मात्र आनंदाने म्हणाले. "अगं, माझं कुलूप! एवढी वर्षं झाली, काय झळकतंय बघ!"

ताई या घरात राहायला आल्या, तेव्हा ते कुलूपवाल्यांनी स्वतःच्या हाताने घडवून स्वतः येऊन बसवलं होतं. कडी अशी ठोकली होती, की दार फोडल्याशिवाय ती निघू नये. आणि किल्ली एकच दिली होती. दुसरी किल्ली बनवणं म्हणजे चोराला चहाला बोलावणं, असं त्यांचं मत होतं. त्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांसमोर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की हे कुलूप किल्लीशिवाय कुणी उघडणार नाही, मीसुद्धा नाही. त्यानंतर ते या दारात आलेच नव्हते.

"बाजारात गेल्या असतील," वहिनी उठत म्हणाल्या. "उघडा तुम्ही. आत जाऊन बसू."

"उघडू?"

"मग? जन्मभर दुसरं काय केलंत?"

कुलूपवाल्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "अगं, पण हे उघडलं तर माझा शब्द जातो. आणि नाही उघडलं तर..."

"तर कुलूपवाला असून बहिणीच्या दारात भिकाऱ्यासारखे बसलात, असं म्हणतील. दोन्हीकडून नाक जातंय तर निदान आत बसून तरी जाऊ दे."

हत्यारं नव्हती, म्हणून वहिनींनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. तो वाकला. दुसरा दिला, तोही वाकला. तिसऱ्याला कुलूपवाले म्हणाले, "येतंय, येतंय," आणि आकड्याचं टोक आत मोडून राहिलं. तोवर वहिनींचे केस पाठीवर सुटले होते, केकचं खोकं पायरीवर कलंडलं होतं, आणि कुलूपवाले दाराला कान लावून गुडघ्यांवर बसले होते.

वरून शिंपीणबाईंनी हे सगळं पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. धोरणी बाई. त्या मागच्या जिन्याने खाली उतरल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे काय बोलणं झालं ते वहिनींना मागाहून कळलं.

"ताई, पुढच्या दाराशी चोर आलेत. एक बाप्या आणि एक केस मोकळे सोडलेली बाई."

"दिवसाढवळ्या?"

"खोकंसुद्धा आणलंय, सामान न्यायला."

वहिनी चौथा आकडा शोधत होत्या, तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून आवाज आला, "खबरदार! हलायचं नाही!"

"एक मिनिट हो," कुलूपवाले मान न वळवता म्हणाले, "आता आलंच आहे."

वहिनींनी वळून पाहिलं. हातात जाळी काढायचा लांब बांबू धरून ताई उभ्या होत्या. मागे शिंपीणबाई, हातात कात्री. ताईंचे केस पार पांढरे झाले होते. कुणी पत्रात लिहितं का असं?

बांबू हळूहळू खाली आला. ताईंनी त्या गुडघ्यांवर बसलेल्या पाठीकडे टक लावून बघितलं.

"बाळ्या?"

आता कुलूपवाले वळले. दाराला चिकटवलेला कान लालबुंद झाला होता. "ताई! तू बाहेर गेली होतीस ना?"

"मी आत होते. भाजी चिरत होते."

"मग बाहेरून कुलूप कसं?"

ताईंनी शिंपीणबाईंकडे बघितलं. डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. पण शिंपीणबाई धोरणी असल्या तरी गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

"अहो, त्याची किल्ली हरवून जमाना झाला! ताई मागच्या दारानेच येतात-जातात. गुडघे दुखतात तरी सगळ्या घराला वळसा घालतात. मी म्हटलं करवत लावू, तर म्हणाल्या, माझ्या भावाने केलंय, त्याला करवत लागणार नाही. रोज पुसतात वर!"

"मग मला कळवायचं नाही?" कुलूपवाले म्हणाले.

"कळवून काय केलं असतंस?" ताई शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्षी येऊन बघतो, म्हणाला असतास."

कुलूपवाल्यांनी बहिणीला वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ ते उठलेच नाहीत. "ऊठ रे, दार पुसलंय, पायरी पुसलेली नाही," असं म्हणत ताईंनी त्यांचे केस विस्कटले.

चेपलेला केक मागच्या दाराने आत गेला. सगळ्यांनी तो चमच्याने खाल्ला. दुपारी वहिनींनी जड मनाने पिशवी भरायला घेतली, तर कुलूपवाले म्हणाले, "ती तिकिटं फाड. हे कुलूप असं सोडून मी गाडीत बसणार नाही. बहिणीसाठी पुढचं दार उघडूनच जाईन."

संध्याकाळी पाहुण्यांसाठी माळ्यावरची जुनी गादी खाली काढली. नणंद-भावजयीने दोन टोकं धरून झटकली, आणि शिवणीतून काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

किल्ली!

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. बाहेर पायरीवर कुलूपवाले कुलपाशी पुटपुटत होते.

"वन्सं, यांना हाक मारू?" वहिनींनी विचारलं.

"मार की," ताई म्हणाल्या. "अजून उशीर झालेला नाही. तिकिटं फाडली असली तरी रात्रीची दुसरी गाडी मिळेल तुम्हाला."

वहिनींनी थोडा विचार केला. मग वाकून किल्ली उचलली आणि आपल्या कंबरेच्या पिशवीत टाकली. "मला काही दिसलं नाही बाई. तुम्हाला?"

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्यांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून कानस आणि चिमटा मागून आणला. ते पायरीवर बसले आणि शेजारी ताई स्टूल टाकून. आईच्या आठवणी निघाल्या, बापाचा मार निघाला, लहानपणी कुणी कुणाचा भोवरा लपवला होता त्याचं भांडण नव्याने झालं. दुपारी ताई आणि वहिनी दोघींचा डोळा लागला. उठून बघतात तर कुलूपवाले पायरीवर शीळ घालत बसलेले.

"काय रे, जमतंय का?"

"छे गं ताई! फार अवघड आहे. अजून दोन-चार दिवस तरी लागतील."

दोन-चारचे आठ-दहा झाले. शेवटी दुकान खुणावू लागलं तेव्हा कुलूपवाले उठले आणि म्हणाले, "नाही उघडत. पण मी सोडणार नाही. पुढच्या वर्षी येतो."

ताई हसल्या. पण पुढच्या वर्षी ते खरंच आले, हत्यारांच्या पिशवीसकट. त्याच्या पुढच्याही वर्षी आले. वाढदिवस आला की गल्लीला ठाऊक असे, कुलूपवाले कुलूप उघडायला बहिणीकडे चालले. धंद्यालाही ते मानवलं. 'घडवणाऱ्यालाच उघडत नाही,' असं म्हणत गिऱ्हाइकं लांबून लांबून येत.

पुढे शिंपीणबाई मुलाकडे राहायला गेल्या. तिथेही त्यांनी म्हणे एकदा चोर धरला, तो गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस निघाला. ताईंचे गुडघे अगदीच गेले, तेव्हा लेकीने त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि घर विकलं. सामान गाडीत चढलं. ताई पुढच्या सीटवर बसल्या. दाराचा कुलपासकट तुकडा कापून बरोबर न्यायचा, असा त्यांचा हुकूम होता, म्हणून सुतार करवत घेऊन उभा होता.

"थांबा, एकदा शेवटचं बघतो," म्हणून कुलूपवाले पायरीवर वाकले. मागोमाग वहिनी. आता घरच राहणार नव्हतं, मग लपवून काय करायचं, असं वहिनींच्या मनात आलं. त्यांनी कंबरेच्या पिशवीतून ती जुनी किल्ली काढून नवऱ्यापुढे धरली.

कुलूपवाल्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग खिशात हात घालून त्यांनी दुसरी काढली. हाताने कानस मारून केलेली, वापर नसल्यामुळे अजून कोरी दिसणारी.

"तुमच्याकडे कधीपासून?" वहिनींनी कुजबुजत विचारलं.

"पहिल्या खेपेच्या दुसऱ्या दुपारपासून. तुम्ही दोघी झोपला होतात. उघडलं आणि परत लावून टाकलं. तुझ्याकडे?"

"त्याच्या आदल्या संध्याकाळपासून."

गाडीतून ताईंची हाक आली, "काय रे बाळ्या, उघडलं का?"

दोन्ही किल्ल्या दोन दिशांना गडप झाल्या.

"नाही गं ताई!" कुलूपवाले ओरडले. "पुढच्या वर्षी!"