एक ही नको

शेड नको असं लेखी कळवल्यावर बरोबर सतराव्या दिवशी गावात दहा शेड आल्या.

दोन ट्रक भरून आल्या. कचेरीच्या दारात लोखंडी भिंती, पत्रे, खांब आणि बाकांचा हा एवढा ढीग पडला आणि ड्रायव्हरने अध्यक्षबाईंच्या नाकासमोर पावती धरली.

"सही करा बाई. बसथांब्याच्या शेड, नग दहा."

"दहा?" अध्यक्षबाईंचा आवाज कौलांना लागला. "अहो, गावात बस येते एक, तीही दिवसातून एकदा, आणि थांबते शिंप्याच्या दुकानापुढे! दहा शेडमध्ये काय बसचे तुकडे करून उभे करू?"

"ते साहेबांना विचारा. मी आपला पोचवणारा," ड्रायव्हर म्हणाला.

आता अध्यक्षबाईंना दहा वस्तू पाठवणं म्हणजे उपाशी माणसाला दात कोरायची काडी देण्यापेक्षाही वाईट. बाई निवडून आल्या होत्या त्याच मुळी एका वाक्यावर: गावाची कामं चार, पाणी, दिवा, रस्ता आणि गटार, पाचवं ज्याचं त्याने बघावं. गाव पाठीमागे त्यांना कात्रीबाई म्हणायचं, आणि बाईंना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. कचेरीत दिवा एक, पंखा एक. सभेला चहा ज्याने त्याने घरून पिऊन यायचा. एका बाजूला लिहिलेला कागद टाकायचा नाही, पाठकोरा म्हणून गठ्ठ्यात ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने वापरायचा. म्हातारे चिटणीस दोन बोटांनी ज्या कीबोर्डवर टंकायचे त्याचं जागा सोडायचं बटण अडकायचं. नव्या कीबोर्डसाठी त्यांनी तीनदा अर्ज केला आणि बाईंनी तीनदा त्याच्यावर 'चालतंय की' असा शेरा मारला.

ही सगळी चिमटाचिमटी चालली होती मोरीसाठी. दवाखान्याच्या वाटेवरची मोरी खचली होती आणि तिच्या दुरुस्तीचे पैसे बाईंनी दोन वर्षांत रेटून जमवले होते. गुडघ्यांनी दगा दिलेल्या सासूबाईंना दर गुरुवारी चाकांच्या खुर्चीतून दवाखान्यात न्यावं लागे. मोरीपाशी आले की बाईंचा नवरा आणि धाकटा दीर ती खुर्ची उचलून गुडघाभर घाण पाण्यातून पलीकडे न्यायचे, आणि त्या वेळात सासूबाई वरून गावाच्या कारभारावर बोलायच्या. गाव काठावर उभं राहून ऐकायचं. बाईंना ते गुरुवार नको झाले होते. गवंडी ठरला होता, फक्त त्याला विसार द्यायचा बाकी होता.

आणि आता चिटणिसांनी ट्रकसोबत आलेलं परिपत्रक उघडलं आणि मधलीच ओळ वाचली, "प्रत्येक शेडच्या किमतीचा दहावा हिस्सा गावाने भरावा."

"दहा शेडचे दहा हिस्से," बाई म्हणाल्या, "म्हणजे एक अख्खी शेड."

"म्हणजे मोरी," चिटणीस म्हणाले.

बाईंनी तिथल्या तिथे जिल्हा कचेरीला फोन लावला. पलीकडे कुणी तरी शांतपणे काहीतरी चावत होतं.

"तुम्हीच मागितल्यात की दहा."

"मी? मी शून्य लिहिलंय, शून्य! 'किती नग हवेत' या रकान्यात, इंग्रजी आकड्यात, स्वतःच्या हाताने!"

"शून्य आहेच ना. त्याच्या आधी एक उभी रेघ आहे. एकावर शून्य दहा."

बाईंनी कपाटातून अर्जाची प्रत ओढून काढली. अर्ज पाठकोऱ्यावर केला होता. मागच्या बाजूला गेल्या सालचा पाणीपट्टीचा तक्ता होता, आणि त्या तक्त्याची एक जाड रेघ बरोबर शून्याच्या डाव्या अंगाला उमटली होती.

"बाई," चिटणीस हळूच म्हणाले, "रेघ मागच्या बाजूची आहे."

"मग? जिल्ह्याच्या माणसाला कागदाची पाठपोट कळू नये? पगार कशाचा घेतात मेले!" आणि फोनमध्ये, "ऐकलंत का? परत न्या त्या."

"तोंडी चालत नाही बाई. लेखी द्या."

लेखी तर लेखी. बाई शब्दांतही काटकसरीच होत्या. त्यांनी सांगितलं, "लिहा चिटणीस. आम्हांस शेड एकही नको. बस्स." चिटणिसांनी दोन बोटांनी ते टंकलं, बाईंनी न वाचता सही ठोकली.

नवव्या दिवशी आणखी एक ट्रक आला. त्यात अकरावी शेड होती. ही भारीतली होती. लोखंड दुप्पट जाड, आणि पाठीच्या भिंतीत चांगलं ताटाएवढं घड्याळ बसवलेलं. पावती बघून बाईंनी ती टेबलावर आपटली. त्यांनी फोन उचलला.

"अहो, डोकी ठिकाणावर आहेत का तुमची? नको म्हणून लिहिलं तर अजून एक पाठवता?"

"तुमचंच पत्र समोर आहे बाई. 'आम्हांस शेड एक' म्हणजे एक हवी. 'ही नको' म्हणजे ही साधी नको. आम्ही म्हटलं, बाई चोखंदळ आहेत, तर घड्याळवाली पाठवावी."

बाईंनी प्रत मागवली. एक आणि ही यांच्या मध्ये बोटभर जागा सुटली होती. चिटणीस खिडकीबाहेर बघू लागले.

"बटण अडकतं," ते बाहेर बघतच म्हणाले. "तीनदा अर्ज दिलाय."

"मग न्यायच्या कोणी त्या अकराही?" बाई फोनवर ओरडल्या. "परत करायचा काही रस्ता आहे की नाही?"

"परत घ्यायचा फॉर्मच नाही बाई. द्यायचा आहे. आणि तुम्ही अजून शेड उभ्या केल्या नाहीत. परवा, गुरुवारी, तपासनीस येतील."

त्या संध्याकाळी अध्यक्षबाई घरी आल्या त्या भांडी आपटतच. नवऱ्याने पेपर वर धरला. सासूबाई मात्र खुर्ची सरकवत स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"काय झालं ते सांगशील की सगळ्या भांड्यांना पोचे आणून मग सांगणार?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने पुसलं, आणि पाणी आलं म्हणून त्यांना आणखी राग आला. "आई, दोन वर्षं! दोन वर्षं एकेक कागद उलटा करून जमवलेत हो. आणि नको असलेल्या शेडच्या घशात घालायचे? तुम्हाला अजून किती वर्षं त्या पाण्यातून उचलून न्यायचं?"

"अगं, नको म्हणायलासुद्धा थोडा खर्च करावा लागतो," सासूबाई म्हणाल्या. "एक कोरा कागद वापरला असतास तर काय बिघडलं असतं? बरं, ते परिपत्रक वाच बघू. पहिल्यापासून. तुझ्या चिटणिसाला मधूनच वाचायची खोड आहे."

बाईंनी तावातावाने वाचलं, "शेड उभी राहिल्यावर, प्रत्येक शेडच्या किमतीचा दहावा हिस्सा..."

"थांब. काय राहिल्यावर?"

"उभी राहिल्यावर."

"मग उभी राहायची सक्ती आहे का कुठे? मी बघ, दोन वर्षं उभी राहिले नाही. माझ्याकडे आला का कुणी हिस्सा मागायला?"

बाईंनी परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग परत एकदा वाचलं. सक्ती कुठेच नव्हती. त्यांनी नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेतला. "उठा. उद्या सकाळी भावजींना आणि गवंड्याला बोलवा. त्या अकराव्या शेडची पाठ किती लांब आहे हो?"

गुरुवारी सकाळी दहा वाजता तपासनीस आले. गोरेगोमटे, इस्त्रीचे, बगलेत फाइल. कचेरीपुढे दहा शेडचे भाग ताडपत्रीखाली नीट रचून ठेवलेले त्यांनी मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एकही उभी नाही? आणि अकरावी कुठंय?"

"दवाखान्याच्या वाटेवर. चला दाखवते," बाई म्हणाल्या.

मोरीपाशी आल्यावर तपासनिसांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खचलेल्या खड्ड्यावर लोखंडाची जाड फळी घातलेली होती, दोन्ही टोकांना गवंड्याने दगड रचून ती घट्ट बसवली होती. ते तिच्या मध्यावर जाऊन उभे राहिले.

"कुठंय शेड?"

"तुम्ही तिच्यावर उभे आहात."

तपासनिसांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन बुटांच्या मधून घड्याळ टिकटिकत होतं.

"अहो, ही आडवी आहे!"

"आहेच."

"शेड उभी पाहिजे बाई!"

"तसं परिपत्रकात कुठं लिहिलंय ते दाखवा. उभी राहिली तर हिस्सा भरा, एवढंच आहे. आमची राहत नाही. तुम्ही राहिलात, तुमच्या हिश्श्याचं तुम्ही बघा."

एवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. सासूबाईंची खुर्ची, आणि ती ढकलायला एकटा धाकटा दीर. उचलायला कुणी नव्हतं, कारण उचलायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"बाजूला व्हा हो साहेब," सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ दिसू द्या. साडेदहाचा नंबर आहे माझा."

तपासनीस बाजूला झाले. खुर्ची खडखडत पलीकडे गेली. सासूबाईंनी मधोमध वाकून वेळ बघितली, "अजून वीस मिनिटं आहेत, सावकाश घे रे," म्हणाल्या आणि कारभाराबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. काठावर जमलेलं गाव जरा हिरमुसलं. बाईंनी मात्र पदर तोंडाला लावून एकदा मोठा श्वास सोडला.

कचेरीत परत आल्यावर तपासनिसांनी घाम पुसला. "आता मी लिहू तरी काय?"

"जे बघितलंत ते लिहा. उभ्या शेड शून्य. गावाने द्यायचा हिस्सा शून्य."

"ठीक आहे. एक कागद द्या."

चिटणिसांनी सवयीने गठ्ठ्यातला वरचा पाठकोरा पुढे केला. बाईंनी तो झडप घालून हिसकावला. कमरेची किल्ली काढून खालचा खण उघडला, त्यातून नव्या कागदांचं न फोडलेलं पुडकं काढलं, दातांनी फोडलं, आणि एक कागद उजेडापुढे धरून दोन्ही बाजूंनी तपासून तपासनिसांपुढे ठेवला.

"यावर लिहा. आणि शून्य अक्षरीसुद्धा लिहा."

तपासनीस लिहून, सही-शिक्का करून गेले. संध्याकाळी गवंडी विसार घेऊन गेला. बाईंनी त्या फोडलेल्या पुडक्यातले उरलेले कागद मोजले.

"चिटणीस," शेवटी त्या म्हणाल्या, "तो कीबोर्डचा अर्ज परत एकदा आणा. करते सही."

चिटणीस गडबडीने उठले. त्यांनी नव्या पुडक्याकडे हात नेला.

"अं हं," बाई म्हणाल्या. "पाठकोऱ्यावर. हा कुठं जिल्ह्याला जायचाय?"