वसंतनानांचं उपरणं आणि शिणाणे

आमच्या पंचवटीत उपरणं खांद्यावर टाकतात. वसंतनाना ते गच्चीवरच्या बांबूला बांधतात. ते पश्चिमेकडे फडफडलं की आंघोळीआधीच फोन लावतात आणि तीन गल्ल्यांना जाग येईल अशा आवाजात सांगतात, "सासूबाई, समुद्र मागं जाणार. टोपली काढा."

समुद्र इथून घाट उतरून चार-पाच तासांवर. नाना पौरोहित्य करणारे, कांद्याच्या वासानं शिंकणारे. सासूबाई शिणाणे काढणाऱ्या. म्हणजे खडकाला बिलगलेल्या त्या काळ्या-हिरव्या शिंपल्या. त्यांच्या लेकीशी, म्हणजे नानींशी, नानांचं लग्न जमलं कसं, यावर गल्लीत सात कथा आहेत. त्यांतल्या चार मी पसरवल्या.

"साधं आहे," नाना समजावतात. "थंडीत वरून हवेचं वजन, पाठीमागून आपला नाशिकचा वारा. दोघांनी दाबल्यावर समुद्र जाईल कुठं?" मग नेहमीच्या ओहोटीत न दिसणारे खडक उघडे पडतात. शिणाणे हाताशी येतात, पण दोन-चार दिवस ऊन खाल्लं की तोंडं वासून मरतात. म्हणून घाई. "आणि वारा पडला की पाणी परत येतं. पंचांग न बघता."

त्यामुळे सगळं नाशिक कुडकुडतं तेव्हा हा गृहस्थ गच्चीवर खूश. मागच्या हिवाळ्यात संकल्प अर्धवट टाकून नाना वारा बघायला पळाले. यजमान पळीभर पाणी हातात घेऊन बसला तो अजून उठला नसावा.

सासूबाईंना कौतुक शून्य. "जावयबापू, तुमी पोथी वाचा," त्या स्पीकरवर ऐकवतात. "पाण्यात माझे पाय हायेत, तुमचं उपरणं नाय."

नानी जाऊन सहा वर्षं झाली. भांडण चालू राहिलं.

परवा उपरण्याचा कौल घेऊन सासूबाई पार टोकाच्या खडकावर गेल्या. मी गच्चीवर नानांचं ज्ञान ऐकत होतो. बोलता बोलता उपरणं बांबूला भिजल्या मांजरासारखं चिकटलं. वारा पडला होता.

नानांनी फोन लावला. नुसती रिंग. परत लावला. तिसऱ्यांदाही तेच. नानांनी उपरण्याकडे पाठ फिरवली. पंचवटीत हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या वेळी उचलला. मागं पाण्याचा खळखळाट.

"आई, निघा."

सासूबाईंना त्यांनी आई म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अर्धी टोपली हाय अजून."

"राहू दे टोपली. निघा. मी फोन ठेवत नाही."

नानांनी खरंच ठेवला नाही. आम्ही दोघं ऐकत राहिलो. पाणी. धाप. शिंपल्यांची खडखड, म्हणजे टोपली सोडली नव्हतीच. मग पाण्याचा आवाज हळूहळू लांब गेला.

"आले वर," सासूबाई म्हणाल्या. "चा घेतलास का रे?"

"नाही अजून."

"मग घे. मी बसलेय हितं. फोन नको ठेवू."

नाना फोन तळहातावर दिव्यासारखा सांभाळत जिना उतरले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.