सावनीचा बास आणि चोवीस घरांचे नळ

माझ्या हातून चूक होत नाही, असे मी कधी म्हटलेले नाही. ते आमच्या इमारतीतले लोक म्हणत. पडेगाव रस्त्यावरच्या 'गोदाई' इमारतीची मी सलग नऊ वर्षे अध्यक्ष होते आणि त्याआधी चौतीस वर्षे शाळेत संगीत शिकवले. वर्गातला तंबोरा असो की जिन्यातल्या चपला, माझ्यासमोर त्या बेशिस्तीत राहिल्या नाहीत. लहानथोर सगळे मला 'बाई' म्हणतात आणि मी मान किंचित हलवते.

तेव्हा माझी सख्खी नात डोळे पुसत घरात आली, हे मला चालण्यासारखे नव्हते.

सावनी एकोणीस वर्षांची आहे आणि बास गिटार वाजवते. ज्यांनी हे वाद्य पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या गिटारपेक्षा याची मान लांब. तारा चारच, पण जाड. सर्वांत जाड तार कपडे वाळत घालायच्या दोरीची धाकटी बहीण शोभावी. वाद्याची केबल एका पेटीत खुपसायची. त्या पेटीला अ‍ॅम्प म्हणतात आणि आवाज त्यातून येतो. निदान यावा, अशी अपेक्षा असते.

"आजी, मला बँडमधून काढतायत," ती म्हणाली.

"कोण?"

"अंगद. म्हणतो, बास ऐकूच येत नाही. रविवारच्या तालमीत तो ऐकू आला नाही, तर कीबोर्डवाला घेणार. तो डाव्या हाताने बास वाजवतो म्हणे."

"मग तू जोरात वाजव."

"जोरात वाजवून होत नाही गं. माझा अ‍ॅम्प एवढासा. हिमांशूचे ड्रम सुरू झाले की तो संपला." तिने उजवा हात पुढे केला. पहिल्या दोन बोटांच्या टोकांना फोड येऊन फुटले होते.

"दोनच बोटांनी वाजवतेस?"

"दोनच वापरतात."

"देवाने पाच दिली आहेत."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांकडे पाहत असे.

मी अंगदला बोलावून घेतले. हा त्यांचा गायक आणि पुढारी. मुलगा पडेगावचाच. आज जिथे सात मजली इमारती उभ्या आहेत, तिथे त्याच्या आजोबांच्या मेंढ्या बसत. पत्र्याचे एक शेड उरले होते, त्यात ही मुले तालीम करायची.

"बसा," मी म्हणाले.

"उभाच बरा हाय, आज्जी."

"माझी नात तीन वर्षे रोज दोन तास रियाज करते, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"व्हय, मेहनत लई करती. त्याच्याबद्दल काय म्हणणं नाय. पर बास पोटात वाजला पाह्यजे ना, आज्जी. हिचा बास म्हंजी आपल्या नळावानी झालाय. कनेक्शन हाय, येत काय नाय."

बोलणे उद्धट होते; पण उपमा बिनचूक होती, हे एक शिक्षिका म्हणून मला मनातल्या मनात मान्य करावे लागले.

"रविवारची तालीम कुठे आहे?"

"त्येच बघायलोय. शेड बिल्डरनं पाडलं परवा."

"आमच्या इमारतीत होईल. आणि बास ऐकू येईल. मी सांगते आहे."

"आणि नाय आला तर?"

"सावनी स्वतः बाहेर पडेल. पण आला, तर हा विषय पुन्हा निघणार नाही."

सावनीने माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

आता पाण्याची परिस्थिती सांगते. या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी जात होते, एवढे सांगितले की पुरे. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी यायचा. त्या रविवारी तेरावा दिवस होता. टँकर दर रविवारी दुपारी यायचा. त्याचे पाणी आम्ही इमारतीच्या हौदात घेत नसू. हौदात घेतले की कोणी किती ओढले यावरून भांडणे होतात. म्हणून ते थेट प्रत्येकाच्या पिंपात मोजून, माझ्या देखरेखीखाली. त्यामुळे तळमजल्यावरचा वीस हजार लिटरचा हौद संक्रांतीपासून कोरडा ठणठणीत होता आणि त्याच्यावरची, पाणी चढवायच्या मोटारीची खोली रिकामी.

मी तीच खोली निवडली. तंबोऱ्याचा भोपळा काढून घ्या आणि तारा छेडा, डास गुणगुणल्यासारखे वाटेल. तंतुवाद्याला पोकळी लागते. आणि माझ्या पायाखाली वीस हजार लिटरची पोकळी होती! इतका मोठा भोपळा कोणत्या मैफलीला मिळाला असेल?

रविवारी सकाळी नऊ वाजता मी सावनीचा अ‍ॅम्प हौदाच्या लोखंडी झाकणावर ठेवायला लावला. तो घसरू नये म्हणून त्याची पाठ कोपऱ्यातल्या जाड लोखंडी पाइपला टेकवली आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने करकचून बांधली.

"आजी, अ‍ॅम्प असा पाइपला टेकवून नाही ठेवत."

"चौतीस वर्षे कोणी शिकवले? तू की मी?"

"बरं," सावनी म्हणाली.

तो पाइप म्हणजे नळाची मुख्य लाइन. तो वर जातो आणि चोवीस घरांच्या चोवीस स्वयंपाकघरांत त्याच्या फांद्या फुटतात. हे मला माहीत होते. त्याला हिरवा रंग मीच देववला होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दाराला आतून चार गोधड्या टांगल्या, मुलांना शुभेच्छा दिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर येऊन शेंगा सोलत बसले.

साडेदहाच्या सुमारास माझ्या स्वयंपाकघरातला नळ गुरगुरला.

आमच्या शहरात नळ मुकाट येत नाही. आधी पाइपातली हवा निघते. नळ घशातल्या घशात गुरगुरतो, थरथरतो, आणि मग पाणी येते. तो आवाज ऐकून माणसे पूजेवरून उठतात, भांडण अर्ध्यावर सोडतात. आणि तेरा दिवसांनी तो ऐकल्यावर मला काय वाटले, ते मी लिहीत नाही. मी जिन्यात आले आणि वर्गात वापरायचा तो आवाज काढला.

"नळ येतो आहे! भांडी काढा!"

चोवीस दारे उघडली. वरच्या मजल्यावरून द्वारकाबाई ओणवल्या. या आमच्या उपाध्यक्ष. नऊ वर्षे उपाध्यक्ष असलेल्या बाईचा चेहरा जसा असतो, तसा त्यांचा आहे.

"बाई, आमचाबी गुरगुरतोय! लई जोरात!"

"म्हणजे दाब चांगला आहे. शिळे पाणी ठेवू नका."

इथेच सगळे घडले. नवे पाणी येताना शिळ्या पाण्यावर ते घ्यायचे नाही, ही आमच्या घराघरांतली रीत. पिंपे, कळश्या, हंडे रिकामे करायचे, घासायचे, मग भरायचे. दुष्काळात ते शिळे पाणी आम्ही फेकत नाही. त्यात राहिलेली कामे उरकतो. आणि तेरा दिवसांची कामे राहिली होती. द्वारकाबाईंनी चादरी भिजवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी गाडी धुतली. मी तांब्याचे घंगाळ आणि दोन कळश्या चिंचेने लख्ख केल्या आणि उरलेल्या पाण्यात ओटा, फरशी, बाल्कनी, सारे काही धुऊन घेतले.

माझा मुलगा मधुसूदन, म्हणजे सावनीचे वडील, बँकेत अधिकारी आहे. सावधपणा त्याच्या हाडात शिरला आहे.

"आई, एक बादली राहू दे. पाणी हातात तर येऊ दे आधी."

"मधुसूदन, हा नळ मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते."

त्याने ती बादली आणून दिली. मी ती तुळशीला घातली.

अकरा वाजता टँकरवाल्या फकिराचा फोन आला.

"बाई, भरून निघालोय. तुमच्याकडं यायलोय."

"नको. आम्हाला नळ आला."

"पक्कं ना बाई? हितं लोकं टँकरला आडवी झोपायलीत. मी वळवला तर उद्याच्या आत गावत नसतो. मागनं बोलवू नका."

"फकिरा, मी शब्द मागे घेत नाही."

साडेअकरा वाजले. नळ गुरगुरत होता आणि थेंब येत नव्हता. चोवीस स्वयंपाकघरांत चोवीस तोट्या उघड्या, त्यांखाली आरशासारखी भांडी, आणि भांड्यांभोवती माणसे, न्हाणीघराच्या दारात उभ्या ठाकलेल्या वऱ्हाडासारखी. मधुसूदन स्टुलावर बसून नळाला कान लावून ऐकत होता.

"आई, हा नळ मध्येच थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो."

"हवा आहे."

"हवा चार चारच्या हिशेबात येते?"

मी पुढे होऊन कान लावला. चार मात्रा. पहिलीवर जोर. पुन्हा चार. मग तिसऱ्या आवर्तनात, शेवटच्या मात्रेच्या अलीकडे, एक सूर घाईने आधीच पडला. नळ थांबला. आणि पुन्हा पहिल्यापासून.

ती घाई माझ्या ओळखीची होती. माझ्या शेजारच्या खोलीत सावनी तीन महिने रोज त्याच जागी घाई करते.

मी हळूच शेंगांची परात बाजूला ठेवली आणि जिना उतरू लागले. प्रत्येक मजल्यावर बायका उभ्या.

"बाई, कधी येणार?"

"बघते."

"बाई, पोरांच्या अंघोळी राहिल्यात."

"बघते म्हटले ना."

मोटारीच्या खोलीचे दार उघडले तर आत हिमांशू ड्रमवर असा तुटून पडला होता, जणू त्या ड्रमनेच पाऊस अडवून धरला होता. सावनीची बोटे तारांवर चालत होती. आवाज? शून्य. उभ्या खोलीत ड्रमखेरीज काही नव्हते. बासचा सगळा आवाज हिरव्या पाइपाने वर नेऊन चोवीस घरांत वाटला होता आणि खाली त्यातला चमचाभरही ठेवला नव्हता.

अंगदने हात वर करून ड्रम थांबवले.

"नाय आज्जी. आजबी काय ऐकू यीना. तुमच्या समोरच हाय."

 सावनीने गळ्यातला पट्टा काढायला घेतला. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या होत्या आणि त्यांतली एक लाल झाली होती.

मी गप्प राहिले असते, तर दोष पाणीवाल्यांवर गेला असता. त्यांच्यावर इतके आहेत की आणखी एक त्यांना कळलाही नसता. माझे अध्यक्षपद राहिले असते, आणि सावनीची जागा एका माणसाच्या डाव्या हाताला गेली असती.

"पट्टा काढू नकोस," मी म्हणाले. "हिमांशू, काठ्या खाली ठेव. अंगद, माझ्याबरोबर जिन्यात या."

जिन्यात उभी राहून मी वर पाहिले. "सगळ्यांनी आपापल्या नळाजवळ जा. नळ गुरगुरला की भांडे वाजवा. थांबला की थांबा."

नऊ वर्षांची शिस्त होती. सगळे गेले.

"सावनी, वाजव."

ती वाजवू लागली, आणि इमारत कडाडली. हंडे, पातेली, कळश्या, डबे, चार मजले एकदम. "थांब," मी म्हणाले. सारे शांत. "वाजव." पुन्हा कडकडाट. कोणीतरी वर पहिल्या मात्रेवर बरोबर जोर देत होते, बहुधा मधुसूदन. अंगद कठड्याला धरून तोंड उघडे टाकून वर बघत राहिला.

"आयला," तो म्हणाला. मग, "माफ करा आज्जी."

द्वारकाबाई हातात उलथणे आणि परात घेऊन खाली आल्या. कोपऱ्यात बांधलेला अ‍ॅम्प पाहिला, पाइप पाहिला, मला पाहिले.

"बाई, मंजे हा नळ नव्हं?"

"नव्हे. ही सावनी."

"आणि टँकर?"

"परत पाठवला."

"कुणी?"

"मी. अ‍ॅम्पही तिथे मीच बांधला. सावनी नको म्हणत होती."

माझ्या मागे जिन्यात तीसेक माणसे जमली होती. एकेकाच्या हातात कोरडे भांडे होते. ते ओरडले असते तर बरे झाले असते. शेवटी अंगदनेच तोंड उघडले.

"सहा वर्स गातोय मी. माझ्या गाण्यावर कुणी एक पेला वाजवला नाय. हिच्या बासवर चोवीस घरांनी असलं नसलं पाणी ओतून टाकलं." त्याने सावनीकडे बघून मान हलवली. "कीबोर्डवाल्याला फोन करतो. नको यिऊ म्हणून."

सावनी हसली आणि मग माझ्याकडे पाहून तिने हसू आवरले. ते मला अधिक लागले.

फकिराला मी स्वतः फोन केला. "मागं घेत नसता ना, बाई, शब्द?" एवढेच तो म्हणाला आणि सोमवारी संध्याकाळी आला. तोवर अंगदने मोटारसायकलवरून पडेगावच्या विहिरीचे सहा कॅन आणले आणि कोणत्या घरात किती लहान मुले आहेत हे विचारत वाटले. माझ्या घराला तांब्याभर आले. मी तक्रार केली नाही.

मंगळवारी सभा झाली. द्वारकाबाई अध्यक्ष झाल्या. अनुमोदन मीच दिले, कारण दुसऱ्या कोणाला ते नीट शब्दांत देता आले नसते.

मुलांची ही तालीम ज्या स्पर्धेसाठी होती, ती पुढच्या महिन्यात झाली. सभागृहात तीनशे माणसे. मोठा अ‍ॅम्प भाड्याने आणलेला. मी नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. दोन गाणी व्यवस्थित झाली. तिसऱ्या गाण्यात, ऐन रंगात, पायाखालची जमीन कोणी काढून घ्यावी तसे मला झाले. पाहते तर सावनीचे हात तारांवर स्तब्ध. बास बंद. केबल निघाली, दुसरे काय! अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने बसून राहायचे नसते.

मी उभी राहिले. "थांबा. सावनीची केबल निघाली आहे."

माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हिमांशू थांबला. सगळे थांबले.

अंगदने माइक तोंडाजवळ घेतला. "आज्जी, बसा. तिथं चार मात्रा रिकामीच जागा हाय. मुद्दाम ठेवलीय."

तीनशे माणसे हसली. गाणे पहिल्यापासून घ्यावे लागले. त्यांचा तिसरा क्रमांक आला.

परतताना रिक्षात मी सावनीला विचारले, की तीनशे लोकांत बास थांबल्याचे माझ्याखेरीज एकाच्या तरी लक्षात आले होते का.  ती म्हणाली, "नाही, आजी. पुढच्या वेळी तू घरी थांबशील का?"

विचार करून सांगते, असे मी म्हटले आहे.