केबल, काटा आणि मी

आमच्या स्वार्से बेटावर विजेचं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, एडविन ड्रीव्हर! बाकीच्या ऐंशी घरांना वीज म्हणजे बटण दाबल्यावर येते ती, एवढंच ठाऊक. गावाच्या पवनचक्कीच्या समितीचा मी सात वर्षं सचिव आहे. इतकी वर्षं भाषणं ऐकल्यावर दगडालाही वीज कळली असती, असं माझी बायको थोरा म्हणते. तिला माझं कौतुक असंच आडवळणानं करायची सवय आहे.

आमचं दुखणं साधं होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला आमच्या ऑर्कनी बेटांवर वारा कधी कमी पडत नाही. पडते ती केबल! आमची जास्तीची वीज समुद्राखालच्या एका जुन्या केबलीतून मुख्य भूमीवर जाते आणि विकली जाते. वारा जोरात सुटला की केबल भरते. केबल भरली की तिकडून हुकूम येतो आणि चक्की आपोआप थांबते. म्हणजे ऐन सुगीत खळं बंद! चक्कीच्या कमाईतून आम्ही परिचारिकेचा पगार आणि घर चालवतो. ही परिचारिका, गेल, आमच्याकडे नऊ वर्षं आहे. तिच्या घराचं छप्पर गळत होतं आणि समितीकडे पैसे नव्हते. वसंतापर्यंत काही झालं नाही तर मी निघाले, असं तिनं सांगून टाकलं होतं. ती गेली की पाठोपाठ सगळी म्हातारी माणसं दवाखान्याजवळ, कर्कवॉल शहरात जाणार, माझी एक्क्याण्णव वर्षांची आईसुद्धा. आईनं तर ट्रंक काढून पुसून ठेवली होती.

उपाय एकच, नवी जाडजूड केबल. पण केबल टाकायची तर तिकडचे विचारतात, "तेवढी वीज आहे का तुमच्याकडे?" आणि आणखी चक्क्या उभारायच्या तर बँक विचारते, "वीज न्यायला केबल आहे का?" कोंबडी म्हणते आधी अंडं आण, अंडं म्हणतं आधी कोंबडी!

शेवटी एडिनबराहून केबल मंजूर करणाऱ्या मिसेस पेटिग्रू नावाच्या बाई प्रत्यक्ष पाहणीला येणार असं ठरलं. मंगळवारी, सकाळच्या बोटीनं.

"थोरा," मी म्हटलं, "बाईंना मी असा काटा दाखवतो की त्या तिथेच सही करतील!"

हा काटा आमच्या सभागृहातल्या भिंतीवर आहे, घड्याळाएवढा. उजवीकडे गेला की वीज बेटाबाहेर चालली, डावीकडे गेला की बाहेरून बेटावर आली. डावी बाजू नुसती शोभेची आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

माझी योजना अशी: अकरा वाजता साऱ्या बेटानं घरातलं सगळं बंद करायचं. म्हणजे सगळी वीज केबलीत, काटा उजव्या टोकाला आणि बाई गार! मी चिठ्ठी लिहिली आणि दुकानवाल्या जेसी-अ‍ॅनकडे दिली. तिनं फोन करून ती घरोघर वाचून दाखवायची होती. चिठ्ठी अशी: "मंगळवारी अकरा ते बारा, केबलच्या पाहुण्या. घरातल्या सगळ्या उपकरणांचं काय करायचं ते आपण जाणताच. कोणीही कुचराई करू नये."

थोरानं वाचली. "'बंद करा' असं लिही की."

"अगं, लोक काय दूधखुळे आहेत?"

"लोकांचं नाही म्हणत मी."

मंगळवारी झकास वारा होता. बोटीतून उतरताना बाईंची टोपी उडाली, तेव्हा तर मला शुभशकुनच वाटला! सभागृहात चहा झाला, बेअर नावाच्या इथल्या जवाच्या पिठाची रोटी आणि चीज झालं. काटा उजवीकडे छान स्थिरावला होता. बाईंनी वही काढली.

"आता बघा!" मी म्हटलं. अकराचे ठोके पडले.

काटा हलला. पण डावीकडे!

"वाऱ्याचा झोत जरा..." मी म्हणालो.

काटा मध्यावर आला, तिथे क्षणभर घुटमळला आणि नवरीनं माप ओलांडावं तसा शून्य ओलांडून पलीकडे गेला. चक्की फिरत असताना डावी बाजू कामाला लागली ती जन्मात पहिल्यांदाच.

"मिस्टर ड्रीव्हर," बाई म्हणाल्या, "एवढ्या वाऱ्यात हे बेट बाहेरून वीज घेतंय?"

"शक्यच नाही! काटा बिघडलाय!" असं म्हणून मी कोटसुद्धा न घालता शेजारच्या मॅन्सी फ्लेटच्या घराकडे धावलो. मागून बाई, त्यांच्यामागून थोरा.

मॅन्सीनं दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी झळ आली. नोव्हेंबरात हा गृहस्थ बनियनवर! घरात सहा हीटर, दोन किटल्या, इस्त्री, ओव्हन आणि गोठ्यातून आणलेला पिल्लांना ऊब द्यायचा दिवा, सगळं धडाडून चालू.

"ये एडविन! बघ, कुचराई नाही!" तो घाम पुसत म्हणाला. "गोठ्यातला पाण्याचा पंप चालू करायचा राहिलाय तेवढा."

"अरे लेका, चालू कशाला केलंस?"

"कशाला म्हणजे? गेल्या हिवाळ्यात दोन तास भाषण कोणी ठोकलं? केबल भरली की चक्की थांबते, म्हणून वीज इथेच वापरा! तापवा, उकळा, भाजा! आम्हाला पाठ आहे ते! केबलच्या पाहुण्या म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?"

मी थोराकडे पाहिलं नाही. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं असणार, कारण मानेला चटका बसला.

"बंद कर! सगळं बंद कर!" मी ओरडलो आणि फोन उचलला. "जेसी-अ‍ॅन, सगळ्यांना सांग, बंद! एकूण एक बंद!"

जेसी-अ‍ॅनसारखी झटपट बाई त्रिभुवनात नाही. आम्ही सभागृहात परतेपर्यंत बेटावर फ्रिजसुद्धा चालू नव्हता. काटा डावीकडून उसळला, मध्य ओलांडला आणि सुसाट उजव्या टोकाला गेला!

"बघा बाई!" मी आनंदानं ओरडलो. "बघा!"

बाई काट्याकडे बघत नव्हत्या. खिडकीतून टेकडीकडे बघत होत्या. तिथे आमच्या चक्कीची पाती हळू हळू होत थांबत होती. केबल भरली होती. काटा धप्पकन शून्यावर आला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी योजना जशीच्या तशी पार पडली असती, तर बाईंना मी अकरा वाजता बंद चक्की दाखवली असती! बेटाला वाचवलं ते मॅन्सीच्या बनियननं, पण हे कळायला अजून सहा आठवडे होते.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "या बेटावर एका फोनवर ऐंशी घरं दहा मिनिटांत चालू होतात आणि दहा मिनिटांत बंद?"

"हो," मी मान खाली घालून म्हणालो. आता आईची ट्रंक भरायची, एवढंच मनात होतं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. नवी केबल नामंजूर. कोट्यवधी पौंड समुद्रात घालण्यापेक्षा, केबल भरली की घराघरांतले हीटर लावून पाणी आणि भिंती तापवणं शेकडो पटीनं स्वस्त, असा बाईंचा हिशेब. त्यासाठी बेटाला दरवर्षी मोबदला, घरं उबदार, आणि चक्की अखंड चालू. गेलच्या छपराला नवे पत्रे बसले. आईनं ट्रंक माळ्यावर टाकायला लावली, मलाच.

समितीची सभा भरली. योजनेची प्रमुख म्हणून जेसी-अ‍ॅनची निवड झाली. मग मॅन्सी फ्लेट यांच्या दूरदृष्टीबद्दल आभाराचा ठराव आला. टाळ्या इतक्या वाजल्या की मॅन्सी दोनदा उभा राहिला.

सभेचं इतिवृत्त सचिवानंच लिहायचं असतं. लिहिलं. "दूरदृष्टी"तला ऱ्हस्व-दीर्घ मात्र थोरानं दुरुस्त केला.