तापाची गुणपत्रिका

मुलांनो, जरा कल्पना करा. एक खोली आहे. खिडकीला पातळ पडदा, मधोमध पाळणा, पाळण्यात बारा दिवसांचं बाळ. पाळण्यापासून सहा पावलांवर फरशीला पिवळी चिकटपट्टी लावलेली आहे. त्या पट्टीच्या अलीकडे अडुसष्ट वर्षांची एक बाई टाचा उंचावून, मान लांब करून उभी आहे. तिला बाळाचा फक्त एक अंगठा दिसतोय. तोही पायाचा!

ती बाई म्हणजे मी. आणि तो अंगठा माझ्या सख्ख्या नातवाचा!

तुम्ही विचाराल, "आजी, तुम्ही असा काय गुन्हा केला होता?" सांगते. कोविडची लस घेतल्यावर मला ताप आला नव्हता!

हसू नका. मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांनी वर्गात पाल सोडली, माझ्या खुर्चीला डिंक लावला, तरी मी कधी आवाज चढवला नाही. त्या पट्टीपाशीही मी अगदी शांतपणे ठरवलं, की संध्याकाळच्या चहापर्यंत या घरातल्या मोठ्या माणसांना सगळं समजावून सांगायचं आणि नातवाला मांडीवर घ्यायचं. मोठी माणसं होती तीन. साठ-साठ पोरांचे वर्ग सांभाळलेल्या बाईला तीन माणसं म्हणजे काय!

झालं होतं असं. माझ्या सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि मी, आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून लस घेतली. घरी आल्यावर मी पडदे धुतले, पुस्तक वाचलं आणि रात्री गाढ झोपले. विहीणबाईंना मात्र हुडहुडी भरून ताप आला. एकशे तीन! बिचारीला फार त्रास झाला, मी नाही म्हणत नाही. पण बरं वाटल्यावर त्यांनी तो ताप पदकासारखा गळ्यात घातला तो काढायलाच तयार नाहीत!

"मला कशी कडकडून लागू पडली!" त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या. मग माझ्याकडे वळून, आवाज मऊ करून, "तुम्हाला काहीच झालं नाही ना हो? मग तुमची बहुतेक लागलीच नाही."

"लागली नाही म्हणजे? सुई आत जाताना मी स्वतः बघितली!"

"सुई गेली हो. पण आत काही घडलं नाही ना!"

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं. पण आमचे चिरंजीव! ते विमा कंपनीत आहेत. कुणाला किती धोका याचे तक्ते करतात. सगळ्या जगाला हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात वाटून टाकल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. बाळ घरी आलं त्या दिवशी त्यांनी कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला. लस घेतल्यावर एकशे दोनच्या वर ताप आला असेल तर हिरवा, बाळाला घ्यावं. थोडा ताप आला असेल तर पिवळा, बाळाजवळ बसावं. ताप आलाच नसेल तर लाल.

"आई, रागावू नकोस. लाल म्हणजे वाईट नाही. फक्त लांब."

"किती लांब?"

"पट्टीपर्यंत."

"आणि ह्या?"

"त्यांना एकशे तीन होता, आई. त्या हिरव्या आहेत."

विहीणबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या क्षणी त्या खरंच हिरव्यागार दिसत होत्या!

मी खोल श्वास घेतला. म्हटलं, "हे बघ राजा. वर्गात जो पोरगा सगळ्यात जास्त बाक बडवतो, तोच सगळ्यात जास्त शिकतो का? कुणी आरडाओरडा करत शिकतं, कुणी गुपचूप शिकतं. शरीराचंही तसंच. कुणाला ताप येतो, कुणाला नाही. आतलं काम दोघांचंही चालू असतं."

"उदाहरण छान आहे, आई," चिरंजीव म्हणाले. "पण आकडे कुठायत?"

आकडे! ज्याला मी शर्टाची बटणं मांडून आकडे शिकवले, तो मला आकडे मागतो! माझ्या कानशिलात सणक गेली. "आणते आकडे!" मी म्हटलं आणि चपला घातल्या.

सोबत घेतलं नातीला, बाळाच्या मोठ्या बहिणीला. तिला मी तपासनीस म्हणते, कारण ही आठ वर्षांची पोर तीन प्रश्न विचारल्याशिवाय दूधसुद्धा पीत नाही. तिच्या हातात वही दिली. आमच्या जिन्यात चौदा घरं. प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारायचे होते. लस घेतल्यावर काय झालं? आणि नंतर कोविड झाला का?

पहिल्या मजल्यावर टेलरकाकांनी दार उघडलं. मास्कमधून माझा आवाज उशीखालून आल्यासारखा येत होता. काका दोनदा "काय?" म्हणाले. मी आधीच चिडलेली. मास्क ओढला हनुवटीवर आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारलं, "लस घेतल्यावर ताप किती आला?"

"असेल शंभर," काका म्हणाले.

समोरच्या चष्मेवाल्यांचं दार उघडलं. "मला एकशे दोन होता!"

टेलरकाकांचा चेहरा पडला. "शंभर सकाळी होता हो. दुपारी एकशे तीन झाला!"

वरच्या कठड्यावरून संगीताच्या बाई ओणवल्या. "मला एकशे चार! मी तापात ताना घेत होते म्हणे!"

"मला एकशे पाच!" चष्मेवाले ओरडले.

"अहो, आत्ताच तुम्ही एकशे दोन म्हणालात!"

"तो एका काखेत!"

दारं उघडत गेली, ताप चढत गेला. कुणाचा आवाज होता कोण जाणे, पण तिसऱ्या मजल्यावरून चक्क "एकशे नऊ!" ऐकू आलं.

"एकशे नऊला माणूस उरत नाही हो!" मी किंचाळले.

"मी उरलो!"

तपासनीसने माझा पदर ओढला. "आजी, पेनाने लिहू की पेन्सिलने? हे बदलतायत."

दुसरा प्रश्न विचारल्यावर मात्र सगळा जिना चिडीचूप! मग एकेकजण जवळ येऊन, अगदी माझ्या कानाशी तोंड आणून, "झाला होता. पण कुणाला सांगू नका," असं कुजबुजू लागला. असं करत चौदाच्या चौदा घरं झाली.

संध्याकाळी दूध घेऊन परत आले, तर लिफ्टपाशी संगीताच्या बाईंनी हात आडवा केला. "तुम्ही जिन्याने या हं. तुमचा ताप शून्य ना? ही यादी लिफ्टसाठीच चाललीय, असं सगळे म्हणतायत."

"कोण सगळे?"

"एकशे नऊवाले."

पाच मजले! हातात दुधाच्या पिशव्या, गुडघ्यांत कळा आणि डोक्यात जाळ! आणि हे सगळं माझ्याच सर्व्हेमुळे!

चार दिवसांनी मी सगळ्यांना बाळाच्या खोलीत गोळा केलं. स्वतः पट्टीच्या मागे उभी राहिले आणि तपासनीसने वही वर धरली. पानावर चार खण. ताप आला आणि कोविड झाला. ताप आला आणि झाला नाही. ताप आला नाही पण झाला. ताप आला नाही आणि झालाही नाही.

"बघा!" मी म्हटलं. "चारही खणांत माणसं आहेत! टेलरकाका तापाने फणफणले, तरी त्यांना कोविड झाला. त्यांच्या बायकोला साधी कणकणसुद्धा आली नव्हती, तिला झालाच नाही. आता बोला!"

चिरंजीवांनी हनुवटी खाजवली. "नमुना लहान आहे, आई."

"लहान आहे! चौदा घरांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे मीच पोरांना शिकवत आले. पण तुझा नमुना केवढा? एक मी आणि एक तुझी सासू! दोन म्हाताऱ्यांवरून तू माझं नातवंड माझ्यापासून तोडलंस!"

सूनबाईने मान खाली घातली. चिरंजीवांनी तोंड उघडलं. आता ते चुकलो म्हणणार, एवढ्यात पाळण्याजवळून आवाज आला.

"आक् छी!"

विहीणबाई. "धूळ आहे हो," त्या म्हणाल्या. लगेच दुसरी शिंक. मग तिसरी.

त्यांच्या तोंडाला मास्क नव्हता. हिरव्या माणसाला कशाला लागतो मास्क! त्याच भरवशावर त्या तीन दिवसांपूर्वी मैत्रिणीकडे जाऊन, बंद खोलीत पंधराजणींसोबत गाणी म्हणून आल्या होत्या.

कुणी काही बोलायच्या आत तपासनीसने औषधांच्या डब्यातून तपासणीचं किट आणलं. "आजी, नाक वर करा." पंधरा मिनिटं आम्ही पाचजण त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसलो. दोन रेघा उमटल्या.

सूनबाईने बाळाला उचलून छातीशी धरलं. एवढे दिवस "बघा, मी सांगत नव्हते का!" हे वाक्य मी जिभेवर घोळवत ठेवलं होतं. ते तोंडातून फुटेचना. बारा दिवसांचं बाळ होतं हो ते तेव्हा, आता सोळा दिवसांचं. त्याच्या टाळूवर विहीणबाईंनी सकाळीच ओठ टेकवले होते.

तेवढ्यात तपासनीस दुसरं किट घेऊन माझ्याकडे वळली. "आता तू."

"मी? मी कशाला? मी तर लांब उभी आहे!"

"चौदा घरं. मास्क हनुवटीवर. सगळे कानात बोलले." तिने वहीचं पान उलटलं. "मी लिहून ठेवलंय."

माझ्याही दोन रेघा.

चिरंजीवांनी नर्सला फोन लावून सगळं सांगितलं. आम्हाला जिने लस टोचली होती तीच, माझी जुनी विद्यार्थिनी. फोनचा आवाज मोठा केला होता आणि तिचा तर त्याहून मोठा होता.

"ताप बघून बाळाला घ्यायचं? कुणी काढलं हे? ताप आला म्हणून कुणी बाळासाठी सुरक्षित होत नाही आणि नाही आला म्हणून कुणाची लस वाया जात नाही! लस घेऊनही कोविड होऊ शकतो. पण आजार जिवावर बेतण्याची भीती ती कमी करते. हात धुवा, मास्क लावा, सर्दी-खोकला असेल तर बाळापासून लांब राहा. हे घरातल्या सगळ्यांनी! आणि बाळाला आजच्या आज डॉक्टरांना दाखवा."

"ऐकलंस?" मी चिरंजीवांवर डोळे वटारले.

"आणि बाई!" फोनमधून आवाज आला. "मास्क हनुवटीवर घेऊन चौदा घरं? तुम्ही? तुम्ही आम्हाला जंतू शिकवलेत!"

मी मान खाली घातली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला वर्गात उभं केलं होतं.

मागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एक माझी, एक विहीणबाईंची. दार बंद. सुनावण्यासाठी माझ्याजवळ आता भरपूर वेळ होता आणि समोर पळून न जाऊ शकणारी बाई! पण पहिल्याच संध्याकाळी त्या भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. "मी त्याचा मुका घेतला हो. त्याला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मी त्यांना पाणी दिलं. मग आम्ही दोघी दाराला कान लावून बसलो. डॉक्टर बाळाला रोज बघत होते. बाळ रडलं की आम्ही घाबरायचो, रडलं नाही की जास्त घाबरायचो. एका दुपारी बाहेरून कागद टराटरा फाडल्याचा आवाज आला. चिरंजीवांनी कपाटाचं दार मोकळं केलं होतं.

बाळाला काही म्हणजे काही झालं नाही. आम्हीही थोड्या खोकलो, थोड्या कण्हलो आणि बऱ्या झालो. नर्सने परवानगी दिली त्या सकाळी आम्ही दोघी न्हालो, हात धुतले, मास्क लावले आणि बाळाच्या खोलीच्या दाराशी एकदमच पोचलो.

"आधी मी," मी म्हटलं. "मी अजून त्याला एकदाही घेतलेलं नाही!"

"घ्या ना. पण मी आठ दिवस रडलेय हो!"

"रडण्यावर ठरवायचं का आता? कालपर्यंत तापावर होतं!"

"आई, चिठ्ठ्या टाकू या का?" चिरंजीव.

"तू गप्प बस!" आम्ही दोघी एका सुरात ओरडलो. मग मी सुरूच झाले. न्याय म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, आजीचा हक्क म्हणजे काय! इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. विहीणबाईही मागे हटेनात.

आमच्या या गदारोळात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बाळ घरी आल्यापासून ते तपासनीसच्या हातात कुणी एकदाही दिलं नव्हतं. तिनेही मागितलं नव्हतं.

ती आमच्या दोघींच्या मधून वाकून आत गेली. कोपरापर्यंत हात धुतलेले, अजून ओले. मास्क नाकावर नीट बसवलेला. ती पलंगावर भिंतीला पाठ लावून बसली, मांडी घातली, मांडीवर उशी ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. सूनबाईने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि बाळ तिच्या हातांत दिलं.

बाळाने जांभई दिली. तपासनीस किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याला तिने एकही प्रश्न विचारला नाही. मग मान वर न करता ती हळूच म्हणाली,

"आई, दार लाव ना. बाहेर फार आवाज आहे."