आप्पांची रविवारची तपासणी

आप्पा वारले तो बुधवार होता. दूधवाल्यानं हाक मारली, दार उघडलं नाही. मग आम्ही खिडकीतून आत गेलो.

आप्पा म्हणजे कराडच्या आमच्या गल्लीतले शेजारी. फौजेच्या इस्पितळात वीस-बावीस वर्षं रुग्णांची सेवा करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन त्यांनी मान्य केली होती, निवृत्ती नाही. दर रविवारी सकाळी आठला इस्त्रीची खाकी पँट घालून ते गल्लीत निघत. ज्या घरात तान्हं किंवा रांगतं मूल, त्या घराची कडी वाजे.

"फळी दाखवा!"

फळीवरची प्रत्येक बाटली ते उघडून हुंगत. खोकल्याचं औषध सापडलं की प्रश्न एकच, "कुणाला पाजता?" मुलाला, असं उत्तर आलं की बाटली गटारात रिकामी.

"दोन वर्साखाली मिक्चर बंद. ऑर्डर हाय."

"कुणाची वो?" समोरच्या शांताबाईंनी एकदा विचारलं.

"माजी."

शांताबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "आवं आप्पा, माज्या सासूनं सात पोरं वाढवली ह्या औषदावर!"

"वाढवली सात, व्हय. जल्माला किती आली, ते इचारा की त्यास्नी."

सासूबाई आतच बसल्या होत्या. पुढच्या रविवारी शांताबाईंनी तांदळाच्या डब्यात लपवलेली नवी बाटली सासूबाईंनीच काढून आप्पांच्या हातात दिली.

आमच्या घराला मात्र तपासणीतून सूट होती. "मास्तर शिकल्यालं हायेत," असं म्हणून आप्पा पुढे जात. मी हायस्कुलात गणित शिकवतो. घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त.

आमची नंदा आठ महिन्यांची असताना तिला खोकला झाला. दोन दिवस झाले, कमी होईना. माझ्यासाठी आणलेलं औषध घरात होतं. बाटलीवर मोठ्या माणसांचं प्रमाण छापलं होतं, लहानांचं नव्हतं. मी त्रैराशिक मांडलं. अठ्ठावन्न किलोच्या मला दोन चमचे, तर सात किलोच्या नंदाला किती? उत्तर पाव चमचा आलं. दोनदा पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

रविवारी सकाळी औषध दिलं. तासाभरात खोकला थांबला आणि नंदा झोपली. "किती शांत झोपलीय बघा," सुमन, माझी पत्नी, म्हणाली. मला माझ्या गणिताचं कौतुक वाटलं.

आप्पा आमच्या दारावरून पुढे गेले आणि परत फिरले.

"पोरगी खोकत न्हाई आज?"

मी सगळं सांगितलं. गणिताचा कागदही पुढे केला. त्यांनी तो पाहिला नाही.

"पाव चमचा मोजला कशानं?"

"अंदाजानं."

"लेकरू म्हंजे मोठ्या माणसाचा तुकडा न्हवं, मास्तर. ह्ये औषद खोकल्यासंगं दमबी दाबतंय."

त्यांनी नंदाचं झबलं वर केलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत छातीचं वरखाली होणं मोजलं. मग तळव्याला टिचकी मारली. नंदानं डोळे अर्धे उघडले आणि मिटले.

"चला. डाक्टरकडं."

त्यांनी तिला खांद्याशी उभी धरली आणि निघाले. आम्ही दोघं मागून अनवाणी. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, श्वास संथ आहे, औषधाचा अंमल उतरेपर्यंत इथंच थांबा, नजर हटवू नका. आप्पांनी नंदाला मांडीवर घेऊन दवाखान्यातलं बाक धरलं. दर दहा मिनिटांनी श्वास मोजून ते मोठ्यानं आकडा सांगत. मी हात पुढे केले, तर म्हणाले, "गप बसा. ड्यूटी माजी हाय." मी बसलो. त्या दिवशी मला कुणी दोन आणि दोन विचारले असते, तर सांगता आलं नसतं.

दुपार कलल्यावर नंदा रडली. मग खोकली. सुमनला रडू कोसळलं. आप्पांचा चेहरा मात्र उजळला.

"ऐका, ऐका! कशी खणखणीत खोकतीया!"

डॉक्टरांनी पुन्हा तपासून घरी जायला सांगितलं, तरी आप्पा तिला मांडीवरून उतरवेनात. बऱ्याच वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "पलटणीतल्या शंभर जवानांचा खोकला आवाजावरनं वळखायचो मी. घरची चार पोरं. एकाचाबी ऐकला न्हाई. कारभारणीचं पत्र यायचं, बाळाला खोकला झालता, आता बरा हाय. बरा झाल्यावरच पोचायचं त्ये. मी आपला इचार करत बसायचो, कसा असंल? सुका, का वला?"

पुढच्या रविवारपासून तपासणी आमच्या घरापासून सुरू होऊ लागली. मीच फळीपाशी उभा राहत असे.

आप्पांची मुलं आली, दिवस करून गेली. त्यांच्या घराला कुलूप आहे. नंदा आता तीन वर्षांची आहे. कालपासून तिला सर्दी-खोकला आहे. मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आहे आणि तिच्याजवळ बसलो आहे.