ग्रँड मेहेम यांचे आभारप्रदर्शन

कोणत्याही कलावंताच्या जडणघडणीत त्याच्या शत्रूचा वाटा सर्वांत मोठा असतो. गुरू एकदा शिकवून मोकळा होतो. शत्रू रोज उजळणी घेतो. असं असूनही सत्कारसमारंभात शत्रूला शाल-नारळ देण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही, ही सांस्कृतिक क्षेत्रातली जुनी त्रुटी आहे.

अमेरिकेतल्या रॅप संगीताने ही त्रुटी पुष्कळ अंशी दूर केली. तिथे शत्रू हा व्यवसायाचा अधिकृत घटक असतो. एकाने गाण्यातून दुसऱ्याची अब्रू काढायची, दुसऱ्याने उलट गाण्यातून पहिल्याच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि दोघांचीही गाणी खपायची, असा हा सहकारी तत्त्वावरचा उद्योग आहे. (आपल्याकडे सहकार साखरेपुरताच राहिला.)

ग्रँड मेहेम, मूळ नाव क्लिफर्ड ह्यूझ, हे या उद्योगातलं भरवशाचं नाव होतं. जन्म ओहायो राज्यातला. आई शाळेत ग्रंथपाल, वडील पियानो सुरात लावून देणारे. त्यामुळे घरात मोठ्याने बोलायला सक्त मनाई. बालपणातला हा सगळा आवाज साठून राहिला. (ऊर्जा नष्ट होत नाही, हे विज्ञानाने सिद्ध केलेलं आहे.) पहिला शत्रू शाळेतला वर्गमित्र. त्याच्यावरचं गाणं जिल्ह्यात गाजलं. दुसरा सख्खा मावसभाऊ. त्याच्यावरचं गाणं रेडिओवर लागलं आणि मावशीने संबंध तोडले, म्हणजे दुहेरी यश मिळालं. तिसरा शत्रू म्हणजे सल्फर नावाचा रॅपर. हा मेहेम यांच्या कारकिर्दीचा सुवर्णकाळ. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांना इतकं अद्वातद्वा बोलून घेतलं की दोघांचीही घरं झाली. मेहेम यांच्या खांद्यावर एक व्रण आहे. तो भिंतीत फळी बसवताना खिळे मारण्याच्या यंत्राने झाला. पण चाहत्यांनी कधी विचारलं नाही आणि मेहेम यांनी कधी सांगितलं नाही.

मग सल्फर ध्यानधारणेला लागला. एका सकाळी त्याने मेहेम यांना जाहीरपणे क्षमा केली, वर त्यांच्या आईच्या हातच्या ॲपल पायचं कौतुक केलं. महिनाभरात मेहेम यांचे निम्मे श्रोते गेले. वकिलाने कायद्याची पुस्तकं धुंडाळली, पण क्षमा केल्याबद्दल कोणावर दावा लावता येईल असं कलम अमेरिकेत नाही.

‘दयामाया नाही’ हा त्यांचा नवा अल्बम तयार होता. पण जोवर मान्यताप्राप्त शत्रू मिळत नाही तोवर तो बाजारात आणायचा नाही, असं त्यांच्या अमेरिकन संगीत कंपनीने ठरवलं. वर्षअखेरपर्यंत मुदत. तोवर शत्रू न मिळाल्यास अल्बम कायमचा कपाटात. आणि नव्या बाजारपेठेत नवा शत्रू मिळेल, या हिशेबाने मेहेम यांना जपानला पाठवण्यात आलं.

तोक्योतल्या ज्या प्रसिद्धी कंपनीकडे हे काम आलं, तिथे क्षिप्रा नोकरीला होती. पुण्यातून संख्याशास्त्रात एम.एस्सी., वय सव्वीस, राहायला ग्योतोकु या उपनगरात. तिचे साहेब ओकाबे-सान तिला म्हणाले, “क्षिप्रा-सान, तुम्ही शास्त्राच्या आहात. तुम्ही शत्रू मिळवून द्याल.” हे वाक्य तर्काला धरून नव्हतं, पण साहेबांचं होतं.

क्षिप्राने आधी मोजमापाची सोय केली. तिने ‘वैर निर्देशांक’ काढला. शून्य म्हणजे एका डब्यात जेवणे, शंभर म्हणजे एकमेकांच्या लग्नपत्रिका परत पाठवणे. मेहेम-सल्फर संबंध ऐन भरात असताना एकाहत्तर होते. अमेरिकन कंपनीने किमान साठची अट घातली. मेहेम यांना तिने ग्योतोकुला आपल्याच इमारतीत जागा मिळवून दिली, म्हणजे निरीक्षण सोपं जाईल.

पहिल्या प्रयोगात मेहेम यांनी कावासाकी शहरातल्या एका नखशिखांत गोंदलेल्या रॅपरवर अत्यंत हीन गाणं केलं. तिसऱ्या दिवशी तो केकचा खोका घेऊन दारात हजर. “आपल्यासारख्या ज्येष्ठांना माझ्यावर वेळ खर्च करावा लागला, याची लाज वाटते,” असं म्हणून तो कमरेत वाकला आणि मेहेम ‘उठा’ म्हणेपर्यंत उठला नाही. मेहेम यांना ‘उठा’चं जपानी येत नव्हतं.

दुसऱ्या प्रयोगात खिडकी उघडी टाकून भर दुपारी पूर्ण आवाजात गाणी लावण्यात आली. शेजारच्या मियाके आजी आल्या आणि आपल्या कपडे धुण्याच्या यंत्राचा आवाज झाकण्यासाठी साहेबांना एवढे कष्ट पडतात, म्हणून माफी मागून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या हाताने कपडे धुऊ लागल्या.

तिसरा प्रयोग कचऱ्याचा. जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी मेहेम यांनी मुद्दाम काचेच्या बाटल्या टाकल्या. पिशवी चिकटपट्टी लावून परत आली. पाठोपाठ रहिवासी संघाचे तीन ज्येष्ठ सभासद आले. त्यांनी अख्खी सकाळ बसून वर्गीकरण शिकवलं. ग्रंथपालाचाच मुलगा. वर्गीकरण रक्तात होतं, ते उसळून आलं. पुढच्या महिन्यात मेहेम इमारतीचे कचराप्रमुख झाले. प्लास्टिकच्या बाटलीवरचं लेबल ते जिभेचं टोक बाहेर काढून सोलत आहेत, असं छायाचित्र जगभर गेलं. त्या आठवड्यात निर्देशांक दोनवर आला.

“मला इथे कोणी शिवी देत नाही गं,” मेहेम एकदा जिन्यात बसून म्हणाले. “बेचाळीस वर्षांचा झालो. मला दुसरं काही येत नाही. अल्बम कपाटात गेला की मीही गेलो.”

ते इतकं हळू बोलले की क्षिप्राला प्रथमच वाटलं, हा माणूस खरोखर बुडतो आहे. त्यांना जरा बरं वाटावं, एवढ्याच हेतूने ती त्यांना गणपतीला घेऊन गेली.

ग्योतोकु स्नेहवर्धक मंडळाचा गणेशोत्सव पालिकेच्या सभागृहात होतो. (आरतीचा आवाज किती, हे भिंतीवरच्या सूचनेत दिलेलं आहे.) अध्यक्ष जगदीशकाकांनी मेहेम यांचं स्वागत केलं. “या, मेहेमराव. पंख्याखाली बसा. प्रसाद घेतल्याशिवाय हलायचं नाही.” मग त्यांनी क्षिप्राला बाजूला घेतलं. आभारप्रदर्शन दरवर्षी प्रसन्न नावाचा सभासद करायचा. त्याची कोबेला बदली झाली. आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा असा भाग आहे, ज्यात बोलणारा नावं शोधत असतो आणि ऐकणारे चपला. त्यामुळे ते काम कोणी घेत नाही.

“तुझा हा पाहुणा मिनिटाला किती शब्द बोलतो म्हणालीस?”

क्षिप्राने आकडा सांगितला.

“मग त्यालाच सांग. पाच मिनिटांत सगळी नावं उरकतील. सभागृह नऊला रिकामं करायचंय.”

तर्क निर्दोष होता. क्षिप्राने नावं म्हणून दाखवली, मेहेम यांनी ती कानाने उचलली आणि कार्यक्रमाच्या शेवटी ध्वनिक्षेपक हातात घेतला. जगदीशकाका, नीलिमाताई, सत्यजित, मिताली, सजावट, सतरंज्या, मंडप, स्पीकर, चहा, पालिका, पोलीस अशी नावं ताशाच्या काडीसारखी पडू लागली. आभार चालू असताना एकही माणूस उठला नाही. मराठी सार्वजनिक जीवनात हे पूर्वी घडल्याची नोंद नाही.

टाळ्या थांबेनात. फक्त क्षिप्रा मनात नावं पुन्हा मोजत होती. स्नेहलताकाकूंचं नाव आलं नव्हतं.

स्नेहलताकाकू म्हणजे मोदकांची उकड. जपानी तांदळाचं पीठ एकतर चिकटतं, नाहीतर तडकतं. कोणत्या दोन पिठांचं मिश्रण केलं की पाकळ्या उभ्या राहतात, हे त्यांनी तीन वर्षं खपून शोधलं होतं. त्या दिवशीच्या प्रत्येक मोदकाचं बाह्यांग त्यांचं होतं. (सारण नीलिमाताईंचं. त्यांचं नाव आलं होतं. दोनदा.)

स्नेहलताकाकू पुढे आल्या. हसल्या. “छान म्हटलं हो. अगदी छान.”

एकदा ‘छान’ म्हणजे कौतुक. दोनदा ‘छान’ म्हणजे काय, हे क्षिप्राला कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेलं नव्हतं. तिला ते जन्मतः ठाऊक होतं.

बाहेर आल्याआल्या तिने मेहेम यांना धरलं. “काकूंचं नाव का गाळलंत?”

“तालात बसेना. फार लांब आहे. आधी घेतलं तर नीलिमाताई पडतात, नंतर घेतलं तर मंडप पडतो.”

“मग मंडप पाडायचा होता!”

चारच दिवसांत स्नेहलताकाकू ‘वैयक्तिक कारणास्तव’ मंडळाच्या फोनवरच्या गटातून बाहेर पडल्या. त्यांच्यामागे तेवीस कुटुंबांची वैयक्तिक कारणं निघाली. महिना उलटायच्या आत ‘अखिल ग्योतोकु स्नेहवर्धक मंडळ (मूळ)’ स्थापन झालं.

जपानात राहून मेहेम यांची सवय आता बिघडली होती. त्यांनी केकचा खोका घेतला आणि माफी मागायला स्नेहलताकाकूंचं घर गाठलं. क्षिप्राला हे कळलं तेव्हा ते परतीच्या वाटेवर, प्रसन्न चेहऱ्याने.

“सगळं मिटलं! ‘अहो, मी कुठे रागावलेय?’ म्हणाल्या. चहा दिला. चिवडाही दिला.”

“चहा कोणत्या कपात?”

“स्टीलच्या पेल्यात.”

“चिवड्यात काजू होते?”

मेहेम यांनी आठवून पाहिलं. “शेंगदाणेही नव्हते.”

“केकचा खोका फोडला?”

“नाही. ‘कशाला उगीच’ म्हणाल्या आणि निघताना माझ्याच पिशवीत परत ठेवला.”

क्षिप्रा रस्त्यातच थांबली. हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. चौऱ्याण्णव. ज्या वैरासाठी सल्फरने नऊ वर्षं घसा फोडला, त्याच्याही वरचं वैर या बाईंनी आवाज न चढवता, चहा पाजून उभं केलं होतं.

“आता एक करायचं,” ती म्हणाली. “पुन्हा माफी मागायची नाही.”

“पण त्यांना वाईट वाटलंय, क्षिप्रा.”

“तुमचा अल्बम त्यावरच चालणार आहे.”

मेहेम यांनी परत आलेला खोका पिशवीतून बाहेर काढला. मग म्हणाले, “आम्ही मूर्खच. शत्रूचं नाव गाण्यात घालत बसलो.”

अडचण पुराव्याची होती. अमेरिकन कंपनीला जाहीर हल्ला हवा होता. शेंगदाणे नसलेला चिवडा हा त्यांच्या दृष्टीने अल्पोपाहार होता. तो पुरावा कोजागिरीला मिळाला. (मूळ) मंडळाच्या कार्यक्रमात आभार मानायला स्वतः स्नेहलताकाकू उभ्या राहिल्या. त्यांनी दूध आटवणाऱ्यांचे आभार मानले, दूध ढवळणाऱ्यांचे मानले, कोपऱ्यावरच्या कोनबिनीने, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाने, जास्तीचे पेले दिले म्हणून तिथल्या अर्धवेळ मुलांचे मानले, चंद्राचे मानले. शेवटी पदर सावरून म्हणाल्या, “आणि आपल्या भागातल्या इतर अमेरिकन रहिवाशांचेही आभार.”

त्या भागात दुसरा अमेरिकन रहिवासी नव्हता.

क्षिप्राने ही चित्रफीत सविस्तर टिपणासह लॉस एंजेलिसला पाठवली. कंपनीच्या वकिलाने ‘इतर’ या शब्दाचा अर्थ तीन दुभाष्यांकडून स्वतंत्रपणे पडताळून घेतला. उत्तर एका ओळीचं आलं: असं आमच्याकडे कोणी कोणाला कधी केलेलं नाही, मान्यता देण्यात येत आहे.

मेहेम यांनी ‘दयामाया नाही’मधली सगळी गाणी काढून टाकली आणि नवी रचली. नव्या गाण्यांत एकही शिवी नव्हती, धमकी नव्हती. सगळी आभाराची. प्रत्येक गाण्यात शेकडो माणसांची नावं घेऊन मनापासून आभार, आणि प्रत्येक गाण्यात कोणा एकाचं नाव मुद्दाम गाळलेलं. डिसेंबरच्या अखेरीला अल्बम आला. अमेरिकेतले नामवंत रॅपर दारं लावून तो पुनःपुन्हा ऐकू लागले. सल्फरचं नाव कुठेच नव्हतं. त्याने ध्यानधारणा सोडली. जानेवारीत त्याने मेहेम यांच्यावर गाणं काढलं, आणि एक डबघाईला आलेला उद्योग पूर्ववत सुरू झाला.

क्षिप्राने अल्बम पहिल्यांदा ऐकला तो ऑफिसला जाताना, तोझाई लाइनच्या मेट्रोत. शेवटचं गाणं सर्वांत लांब होतं. सुरुवातच स्नेहलताकाकूंपासून. मेहेम यांनी सगळा ताल मोडून त्या नावाभोवती नव्याने बांधला होता. मग मियाके आजी, त्यांचं यंत्र, रहिवासी संघाचे तिघे, कावासाकीचा रॅपर, केकवाला, ओकाबे-सान, जगदीशकाका, नीलिमाताई (एकदाच), बाटल्या, लेबलं. क्षिप्रा कान देऊन ऐकत राहिली. गाणं संपलं. तिने मागे नेऊन परत ऐकलं. उतरायचं स्थानक मागे पडलं.

“तुला काही वाटलं नाही ना?” मेहेम यांनी संध्याकाळी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत धंद्यातल्या माणसाची उत्सुकता होती.

“छे, मला कशाला काय वाटेल?” क्षिप्रा म्हणाली. “छान झालंय. अगदी छान.”

तिने त्यांना बसायला सांगितलं, चहा ठेवला, मग फडताळातून चिवड्याचा डबा काढला आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून एकेक काजू वेचून बाजूला ठेवला.

ही कथा पूर्ण होण्यास अनेकांचं सहकार्य लाभलं. माहिती पुरवल्याबद्दल दोन्ही स्नेहवर्धक मंडळांचे आभार. कागद, शाई, छपाई आणि बांधणी यांचे आभार. पुस्तकं उचलून आणणाऱ्या हमालांचे, ती मांडणाऱ्या दुकानदारांचे, दुकानाबाहेर चहा देणाऱ्याचे, शेजारच्या टेबलावर बसून ही कथा न वाचणाऱ्यांचेही मनापासून आभार. आणखी एक जण अगदी पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सोबत होतं. वेळेअभावी ते नाव घेता आलं नाही. त्यांना काही वाटणार नाही, याची खात्री आहे.

असो.